आधीचा पुरावा आधीच ठेवा

ऊस तुटून गेला की पाचटाला काडी लावायची नाही, ते सरीतच कुजवायचं आणि त्याबद्दल कार्बन क्रेडिटचे पैसे घ्यायचे, अशी योजना घेऊन एक कंपनी आमच्या वरकुट्यात आली. लोकांना ती पटली. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि ते पेटवलं की जमिनीचा वरचा थर भाजतो, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. शेतकरी गटाची कागदपत्रं माझ्याकडं असतात. त्यामुळं सातबारे गोळा करण्यापासून तपासनीस बांधावर येईपर्यंतचं सगळं मी जवळून पाहिलं. फाइल काही मंजूर झाली नाही. पाचट आम्ही खरंच कुजवलं होतं, अडलं ते पुराव्यापाशी. दुसऱ्या गावांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबला किंवा जमिनीत साठला, याची खात्री. ही खात्री कंपनीच्या शब्दावर मिळत नाही. आधी प्रकल्पाचा आराखडा तपासला जातो आणि पुढं काही वर्षांनी घट झाली का याची पडताळणी होते. दोन्ही कामं त्रयस्थ संस्थेनं करायची असतात. आराखड्याला मान्यता मिळण्याआधी तो 30 दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवतात. आमच्याकडं मात्र सही झाली म्हणजे पैसे सुरू, असाच समज पसरला होता.

तपासनिसांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही आधी पाचट जाळत होता, हे कशावरून?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. जाळलेल्या पाचटाची पावती कोण ठेवतो? सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत ऊस दिसतो, पाचटाचं काय केलं ते दिसत नाही. कारखान्याच्या वजनपावतीवरून तोड कधी झाली ते कळतं. कारखाना जळीत उसाला लावतो ती कपात कामाची नाही, कारण ती तोडीआधीच्या आगीची असते. उपग्रहाच्या चित्रात मोठी आग सापडते, पण वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे एकाला एक लागून असले की कोणाच्या रानात पेटलं होतं ते ठरत नाही. निदान मागच्या तीन वर्षांचा तपशील हवा होता आणि तो मागाहून तयार करता येत नाही. केलाच तर ती बनवाबनवी.

म्हणून कोणतीही कंपनी येण्याआधीच वही सुरू करा. गट नंबर, तोडीची तारीख, पाचट जाळलं की ठेवलं, खोडव्याला किती खत टाकलं, कुट्टीला ट्रॅक्टर कोणाचा लावला, हे सगळं लिहा. तारीख आणि ठिकाण उमटेल असा फोटो काढा. खताची आणि ट्रॅक्टरची बिलं फाडू नका.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. हे काम पैशाशिवाय झालंच नसतं का? शेतीतल्या कार्बनसाठी व्हेरा या क्रेडिट मंजूर करणाऱ्या संस्थेची व्हीएम 0042 ही पद्धत वापरतात. त्यात एखादी रीत त्या भागात 20 टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर आधीच रुजलेली असेल, तर ती सर्रास चालणारी मानतात आणि तिच्यावर क्रेडिट मिळणं कठीण होतं. कृषी खातं आणि साखर कारखाने पाचट ठेवा म्हणून सांगत आलेत आणि आमच्यातले काही जण ते ऐकत आलेत. जो आधीपासून शहाण्यासारखा वागला तोच यातून बाहेर राहतो. मनाला लागतं, पण हिशेबाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे.

सगळ्यात मोठा घोळ मातीच्या नमुन्यांत झाला. कंपनीनं लावलेली पोरं खुरप्यानं इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घेत होती. गोणपाटावर माती पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि उरलेली पिशवीत भरायची. खताची मात्रा ठरवायला ही पद्धत ठीक आहे. कार्बन मोजायला निदान 30 सेंटिमीटर खोलीपर्यंतचा नमुना लागतो, जागेचे अक्षांश-रेखांश लागतात आणि लोखंडी कडं ठोकून मातीची घनताही काढावी लागते. ते कडं आमच्या शिवारात कुणी आणलंच नाही.

त्यानं किती फरक पडतो ते बघा. एक हेक्टर जमिनीचा 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे 3000 घनमीटर माती. घनता 1.3 धरली तर तिचं वजन 3900 टन भरतं. सेंद्रिय कर्ब 0.5 वरून 0.6 टक्के झाला, तर 3.9 टन कार्बन वाढला, म्हणजे सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड. एवढी वाढ व्हायला कित्येक वर्षं जातात. आता मूळ घनता 1.2 असताना अंदाजानं 1.3 लिहिली, तर 0.5 टक्के कर्बावरच साडेपाच टन कार्बन डायऑक्साइडची चूक होते. अनेक वर्षांच्या कमाईतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग कागदावरच हलतो. त्यात आमच्याकडं चुनखडीच्या जमिनी आहेत. काही यंत्रं माती जाळून कार्बन मोजतात. चुना आधी आम्लानं काढला नाही, तर त्याचाही कार्बन त्यात मोजला जातो. प्रयोगशाळा कोणती आणि पद्धत कोणती हे विचारा आणि शेवटपर्यंत ती बदलू देऊ नका.

वजावटीही असतात. पाचट कुजवायला हेक्टरी 80 किलो युरिया आणि 100 किलो सुपर फॉस्फेट सांगतात. युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापदायक आहे. त्यामुळं वाढवलेल्या युरियाचा हिशेब क्रेडिटमधून वजा होतो. पाचट आधी कुणी जळणाला नेत असेल आणि आता तो कोळसा आणत असेल, तर तेही वजा होतं.

कागदांचं म्हणाल तर सामाईक खातं ही आपल्याकडची जुनी अडचण. एका भावानं सही केली आणि बाकीचे भाऊ, बहिणी, पुण्यात राहणारे चुलते यांची संमतीच नाही, असे गट नंबर बाजूला काढले गेले. रान वाट्यानं असेल तर वाटेकऱ्याशीही लेखी ठरवा. एकच गट नंबर दोन कंपन्यांकडं नोंदवू नका, तसं झालं तर एकच टन दोनदा विकला जाईल. करार मराठीत मागा. क्रेडिट कोणाच्या मालकीचं, शेतकऱ्याचा हिस्सा किती, तपासणीचा खर्च कोण करणार, फाइल फेटाळली तर काय आणि किती वर्षं बांधून राहायचं, हे त्यात असलंच पाहिजे. जमिनीत साठवलेला कार्बन पुढं दशकानुदशकं टिकवायची हमी द्यावी लागते. नातवाचं रान आज बांधून देताना घरात विचारा.

तपासनीस एवढे कडक का, असं आमच्यातल्या काहींना वाटलं. त्यामागं कारण आहे. भारतातल्या पवनचक्क्यांवर 2021 मध्ये झालेल्या एका अभ्यासात, मंजूर क्रेडिटपैकी निदान 52 टक्के क्रेडिट तसेही उभे राहिले असते अशाच प्रकल्पांना गेल्याचं निघालं. चीनमधले भातशेतीचे 37 प्रकल्प व्हेरानं 2024 मध्ये फेटाळले. कच्च्या पुराव्यावर क्रेडिट विकलं तर घेणारा कारखाना धूर सोडतच राहतो आणि हवेला काहीच फायदा होत नाही.

केंद्र सरकारनं 28 जून 2023 ला देशाची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली आणि जानेवारी 2024 मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडाही आणला. तेव्हा विचारणा वाढणार हे धरून चाला. पाचट कुजवाच, त्याचा फायदा खोडव्यात दिसतो आणि त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. क्रेडिटसाठी सही मात्र तेव्हाच करा, जेव्हा कंपनी तीन गोष्टी लेखी देईल: बेसलाइन म्हणजे आधीची स्थिती कशावरून सिद्ध करणार, माती कशी मोजणार आणि तपासणी कोणती त्रयस्थ संस्था करणार. यातली एक जरी तोंडी राहिली, तरी सातबारा हातात देऊ नका.