मुलं स्पर्धेला परगावी निघाली : पिशवीत काय द्याल?

तालुक्याला जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो, जिल्ह्याचा विभागाला आणि तिथून राज्याला. 14, 17 आणि 19 वर्षांखालील शालेय स्पर्धांसाठी आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळायला एसटीने, रेल्वेने परगावी जातात. दोन-तीन दिवस शाळेच्या खोलीत मुक्काम असतो. निवड झाली की घरात आनंद होतो आणि पाठोपाठ आईची काळजी सुरू होते. या काळजीचं काय करायचं, ते आज पाहू. पिशवी महाग नसली तरी चालते, घरातली जुनी सॅक पुरे. पण तिच्यात एक चिठ्ठी हवीच, आणि त्या चिठ्ठीत मुलाच्या तब्येतीचं खरं लिहिलेलं हवं.

आधी चिठ्ठी

वहीच्या पानावर मुलाचं नाव, वय, वजन, घरचे दोन फोन नंबर लिहा. दमा, फिट, सिकलसेल, साखरेचा आजार, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही लिहा. रोजची गोळी कोणती आणि कधी, हे लिहा. रक्तगट तपासलेला असेल तरच लिहा, अंदाजाने नको. खाली 108 (रुग्णवाहिका) आणि 1098 (चाइल्ड लाइन) हे नंबर लिहा. एक प्रत पिशवीत ठेवा, एक क्रीडाशिक्षकांच्या हातात द्या.

पुष्कळ घरं आजार लपवतात. संघातून काढतील ही भीती असते, मुलगी असेल तर पुढे लग्नाला अडचण येईल हीही भीती असते. पण परगावी रात्री मुलाला दम लागला, तर सोबतच्या सरांना काहीच ठाऊक नसतं आणि दवाखान्यात नेईपर्यंत वेळ जातो. सरांना एकट्याला बाजूला घेऊन सांगा, सगळ्या संघापुढे नको.

सिकलसेल असेल तर

विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. तो आईवडिलांकडून रक्तातून येतो, शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तपासणी झाली नसेल तर आशाताईंना विचारा आणि स्पर्धेच्या आधी करून घ्या.

आजार असलेल्या (एसएस) मुलाने खेळावं की नाही, किती खेळावं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. वाहक (एएस) मुलं सहसा खेळू शकतात, पण उन्हात, पाणी न पिता, दमछाक होईपर्यंत धावणं त्यांनाही धोक्याचं आहे. अशा मुलांच्या पिशवीत सिकलसेल कार्ड, रोजच्या गोळ्या, स्वेटर आणि पाण्याची मोठी बाटली द्या. थंड पाण्याची आंघोळ टाळायला सांगा. हातपाय, छाती किंवा पोट असह्य दुखू लागलं, ताप आला, धाप लागली तर खेळ थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

औषधांची पुडी

ओआरएसची चार पाकिटं, स्वच्छ कापूस, पट्टी, जखमेचं मलम, क्रेप बँडेज आणि पॅरासिटामॉल एवढं पुरे. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते मुलाच्या वजनावर ठरतं, डॉक्टरांना विचारून पट्टीवर लिहा. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, सुट्या कागदात बांधू नका. दम्याचा पंप मोठ्या सॅकमध्ये नको, तो मुलाच्या हाताशी हवा. धनुर्वाताची लस 10 आणि 16 व्या वर्षी द्यायची असते. ती झाली का, ते पाहून घ्या.

डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा चक्कर आली, तर मुलाने पुन्हा मैदानात उतरायचं नाही. सामना अंतिम असला तरी नाही.

मुलींसाठी

पाळीची तारीख जवळ नसली तरी सात-आठ पॅड, दोन जादा निकर, एक गडद रंगाची पँट आणि वापरलेलं पॅड गुंडाळायला जुने कागद द्या. पाळीत खेळायला हरकत नाही. पाळी पुढे ढकलायची गोळी मनाने देऊ नका. अडचण आली तर कोणत्या मॅडमला सांगायचं, ते निघण्यापूर्वीच ठरवा.

खाणं आणि पाणी

पहिल्या दिवसाला चपाती-चटणी किंवा दशम्या, पुढे फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चिक्की. ओली भाजी रात्रभर डब्यात ठेवू नका. सामन्याच्या दोन-तीन तास आधी जेवण, मग हलकं काही. ओआरएसच्या पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते पाकीट पूर्ण घालायचं, पाणी कमी करायचं नाही. पाकीट संपलं तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. केलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्यायचं.

कपडे आणि अंथरूण

खेळाचे दोन जोड, मोजे तीन, टॉवेल, साबण, चादर, थंडीत स्वेटर. टॉवेल आणि आतले कपडे एकमेकांचे वापरू नयेत, गजकर्ण आणि खरूज असेच पसरतात. नवे बूट घेतले असतील तर आठ दिवस आधी घालून सराव करू द्या, नाहीतर पहिल्याच सामन्यात फोड येतात. कबड्डीत नखं कापलेली लागतात, अंगावर दागिने चालत नाहीत. म्हणून चेन, कानातलं घरीच ठेवा. आधारकार्ड, शाळेचा दाखला आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

पिशवी मुलालाच भरू द्या. आपण बाजूला बसून चिठ्ठीवरची एकेक वस्तू वाचायची, त्याने ती उचलून ठेवायची. मग कोणती गोळी कुठे आहे, हे त्याला अंधारातही सापडेल. आणि निघताना एवढं नक्की सांगा : "दुखलं, चक्कर आली, घाबरायला झालं, तर सरांना सांग. सामना पुढच्या वर्षीही होईल."