डासाने डास मारायचा

काट्याने काटा काढतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण डासाने डास मारायचा? तसेही करून पाहिले आहे.

डेंग्यू तापाचा डास ओळखा. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो. चावते ती मादीच. अंडी घालायला तिला रक्त लागते. नर बिचारा फुलांचा रस पितो, कोणाला चावत नाही.

शास्त्रज्ञांनी हेच हेरले. पोराचे नाक बापावर जाते, रंग आईवर जातो. असे गुण जिवाच्या बीजातून येतात. शास्त्रज्ञांनी डासाच्या बीजात एक नवा गुण घातला. त्या गुणाची पिले मोठी होण्याआधीच मरतात. मग असे डास वाढवायचे कसे? वाढवण्याच्या जागी पाण्यात एक औषध घालतात. औषध आहे तोवर पिले जगतात. त्यांतले नर निवडून बाहेर सोडतात. बाहेरच्या माद्यांशी त्यांची जोडी जमते. माद्या अंडी घालतात, अळ्या होतात. पण आपल्या रांजणात ते औषध कुठले? अळ्या मरतात.

ब्राझील देशात पिरासिकाबा शहराच्या एका वस्तीत 2015 साली असे नर सोडले. अळ्या शंभराला 82 नी घटल्या, असे सोडणाऱ्यांनी सांगितले. माल त्यांचा आणि हिशेबही त्यांचाच, एवढे ध्यानात ठेवावे. आपल्या जालना जिल्ह्यातही दावलवाडीला 2017 साली चाचणी सुरू झाली. ती जाळीच्या पिंजऱ्यात होती. डास मोकळे सोडले नव्हते.

"आमच्या दारात डास सोडणार, अन् आम्हाला विचारणार नाही?" असे तुम्ही म्हणाल. खरेच आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बेटांवर 2016 साली लोकांची मते घेतली. साऱ्या जिल्ह्यात 'हो' म्हणणारे जास्त निघाले. पण जिथे सोडायचे होते, ती वस्ती 'नको' म्हणाली. शेवटी 2021 साली दुसऱ्या बेटांवर डास सोडले. ते नव्या जातीचे होते. त्यांच्या पिलांत फक्त माद्या मरतात.

हिवतापाचा डास वेगळा. त्याच्यावर या नरांचा काही इलाज चालत नाही. शिवाय नर सोडणे थांबले, की डास पुन्हा वाढू लागतात. डेंग्यूच्या डासाची अंडी रांजणाच्या आतल्या अंगाला चिकटतात. पाणी आटले तरी ती कित्येक महिने जगतात. म्हणून आठवड्याला रांजण नुसता रिकामा करून भागत नाही. तो आतून काथ्याने घासावा लागतो.