आजारपणाचा दाखला: कोणाचा आणि कधी?

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या बऱ्याच खातेदारांच्या पगारपत्रकात 'ईएसआय' अशी एक छोटी कपात असते. पगाराच्या 0.75 टक्के. मालक वर 3.25 टक्के भरतो. म्हणजे 15,000 पगारावर आपले फक्त 112 रुपये 50 पैसे जातात. या कपातीतून मोफत औषधोपचार मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असते. आजारपणात पगार बुडाला तर रोख रक्कमही मिळते, हे मात्र अनेकांना माहीत नसते. मग घरखर्चासाठी आवर्ती ठेव मुदतीआधी मोडली जाते.

ही रक्कम सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के असते आणि वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस मिळते. सरासरी रोज 500 रुपये धरला तर दिवसाला 350. पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत. वीस दिवसांच्या आजारात 18 दिवसांचे 6,300 रुपये होतात.

अट अशी, की सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला आजार धरला जातो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला.

पण खरी अडचण येते ती दाखल्याची. ताप आला की माणूस गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरकडे जातो, बरा झाल्यावर त्यांच्याकडून आठ दिवसांची चिठ्ठी आणतो. रजेसाठी ती कारखान्यात चालेलही, पण लाभासाठी तेवढी पुरत नाही. दाखला आपल्याला नेमून दिलेल्या ईएसआय दवाखान्यातील किंवा रुग्णालयातील विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचा लागतो. म्हणून आजाराच्या पहिल्याच दिवशी तिथे जावे. डॉक्टर तपासून पहिला दाखला देतात. आजार लांबला तर साधारण दर सात दिवसांच्या आत पुन्हा दाखवून मधला दाखला घ्यावा लागतो. दीर्घ आजारात ही मुदत चार आठवड्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. बरे झाल्यावर कामावर जाण्यास योग्य असल्याचा अखेरचा दाखला घ्यायचा. लोक विसरतात तो बहुधा मधला.

रात्री-बेरात्री खासगी रुग्णालयात भरती व्हावे लागलेच, तर केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि घरच्या कोणामार्फत तरी दवाखान्याला लगेच कळवा. असे कागद पुरावा म्हणून विचारात घेता येतात, पण ईएसआयचे डॉक्टर ते पडताळतात आणि त्यात वेळ जातो.

ज्या दिवसांचा पगार घेतला त्या दिवसांचा लाभ मिळत नाही. लाभ चालू असताना दुसरीकडे काम करू नये, आणि परवानगीशिवाय गावी निघून जाऊ नये. गावी आराम चांगला पडतो हे खरे, पण नियम तसा आहे.

पैसे बँक खात्यात जमा होतात, तेव्हा आमच्या बाजूचेही दोन शब्द. ईएसआयकडे नोंदवलेले खाते दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले नाही ना, बँकांच्या विलीनीकरणानंतर जुनाच आयएफएससी कोड नोंदलेला नाही ना, आणि पासबुकावरचे नाव ईएसआयच्या नोंदीतल्या नावाशी जुळते का, हे धडधाकट असतानाच शाखेत येऊन पाहून घ्या. केवायसीसाठी आधार आणि पासबुक सोबत आणा.