‘मले टाइमच नाही’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

बैठकीला का नाही आल्या, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असते: ‘टाइमच नाही भेटला व माय!’ या वाक्यात ‘टाइम’ शब्द इंग्रजी आहे, पण सगळा जोर आहे तो मागच्या ‘च’वर. तो ‘च’ काढून पाहा. ‘टाइम नाही भेटला’ म्हटलं तर नुसती माहिती झाली. ‘टाइमच नाही भेटला’ म्हटलं की त्यात वावर आलं, सैपाक आला, पोरांची शाळा आली, सगळं आलं.

इंग्रजीत हा ‘च’ नाही. ‘तरी’, ‘तर’, ‘बी’ असं शब्दाला चिकटवायचंही काही नाही. तिथं हे काम वेगळे छोटे शब्द करतात: ओन्ली, जस्ट, स्टिल, रिअली, हार्डली. व्याकरणात त्यांना क्रियाविशेषण म्हणतात. नाव मोठं आहे, पण घाबरू नका. आपल्याला एवढंच पाहायचं आहे की वेळेबद्दल बोलताना हे शब्द कुठे बसवायचे आणि त्यानं अर्थ कसा फिरतो.

पहिलं वाक्य सगळ्यांना येते: ‘आय डोन्ट हॅव टाइम.’ चूक काहीच नाही. पण समजा, पापड-कुरडयांची ऑर्डर घेऊन कोणी फोन केला, आजच माल पाठवता का म्हणून विचारलं, आणि आपण एवढंच बोललो, तर ऐकणाऱ्याला वाटते की यांना काम करायचंच नाही. गिऱ्हाईक गेलं. त्याच वाक्यात दोन शब्द घाला: ‘सॉरी, वी डोन्ट हॅव टाइम टुडे.’ म्हणजे आज नाही, उद्याचं दार उघडं आहे. आणि लगेच पुढचं सांगा: ‘वी विल डेफिनिटली हॅव टाइम ऑन मंडे.’ सोमवारी नक्की जमेल. ‘टुडे’, ‘राइट नाऊ’ असे ‘केव्हा’ सांगणारे शब्द बहुतेक वाक्याच्या शेवटी येतात. ‘ऑलवेज’, ‘यूज्वली’, ‘नेव्हर’ मात्र ‘हॅव’च्या आधी येतात: ‘आय यूज्वली हॅव टाइम इन द आफ्टरनून.’ एक सांभाळा. ‘नेव्हर’मध्ये नकार आधीच आहे, म्हणून ‘आय नेव्हर हॅव टाइम’ म्हणायचं, वर आणखी ‘डोन्ट’ लावायचं नाही.

‘उमेद’चं महालक्ष्मी सरस मुंबईला भरते. तिथं स्टॉलवर देशभराच्या बोलीचं गिऱ्हाईक येते, आणि घाईत येते. एखादी बाई म्हणते, ‘आय ओन्ली हॅव फाइव्ह मिनिट्स.’ म्हणजे मला पाचच मिनिटं आहेत. आपला ‘पाचच’मधला ‘च’ म्हणजे हा ‘ओन्ली’. आपण सवयीनं तो शेवटी नेतो: ‘फाइव्ह मिनिट्स ओन्ली.’ कारण मराठीत ‘च’ शब्दाच्या मागून येतो. भारतात हे सगळ्यांना समजते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ‘हॅव’च्या आधी ठेवला तर कुठेही चालते.

आता ‘रिअली’. हा जागा बदलला की स्वभाव बदलतो. ‘आय रिअली डोन्ट हॅव टाइम’ म्हणजे खरंच सांगते बाई, अजिबात वेळ नाही. ‘आय डोन्ट रिअली हॅव टाइम’ म्हणजे तसा वेळ नाही म्हणा, पण फारच अडलं तर पाहू. पहिल्या वाक्यात दार बंद आहे, दुसऱ्यात थोडं लोटलेलं. साहेबांना किंवा व्यापाऱ्याला ठाम नाही म्हणायचं असेल तर पहिलं वाक्य वापरा. दुसरं वापरलं तर समोरचा आग्रह करत बसते.

‘हार्डली’, ‘स्टिल’ आणि ‘जस्ट’ समजायला आपल्या कौंडण्यपूरचीच गोष्ट पुरते. रुक्मिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवलेलं. तिनं द्वारकेला निरोप धाडला, पण दिवस सरत आले. भागवतात सांगितलं आहे की मधे एक रात्र तेवढी उरली होती, आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हे इंग्रजीत असं: ‘शी हॅड हार्डली एनी टाइम लेफ्ट.’ वेळ जवळजवळ उरलाच नव्हता. ‘हार्डली’च्या पोटात ‘नाही’ आहे, म्हणून त्याच्यासोबतही ‘डोन्ट’ किंवा ‘डिडन्ट’ नको. पण आशा होती: ‘शी स्टिल हॅड वन नाइट.’ अजून एक रात्र होती. अन् कृष्णानं एका रात्रीत रथ हाकला आणि तो विदर्भात पोचला: ‘ही केम जस्ट इन टाइम.’ अगदी वेळेत, जरा उशीर झाला असता तर गेलं होतं. एसटी ठरल्या वेळी आली तर तिला ‘ऑन टाइम’ म्हणतात. ‘इन टाइम’ म्हणजे वेळ निघून जायच्या आत. दोन्ही एक नाहीत.

‘जस्ट’ दोन तोंडाचा आहे, हे लक्षात असू द्या. ‘वी जस्ट हॅव टाइम फॉर टी’ म्हणजे चहापुरता वेळ आहे. ‘वी जस्ट डोन्ट हॅव टाइम’ म्हणजे वेळच नाही, विषय संपला. आपल्या सुरुवातीच्या ‘टाइमच नाही’ला हे सगळ्यात जवळचं.

आणखी एक फसवा प्रश्न. ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे सवड आहे का? मधे बारीकसा ‘द’ आला, ‘डू यू हॅव द टाइम?’, तर तो किती वाजले ते विचारतो आहे. त्याला ‘नो, आय ॲम बिझी’ म्हणू नका, घड्याळ पाहून सांगा.

हे छोटे शब्द आपल्याला घाई करायलाही वापरतात. फोन येतो, समोरचा बँकेचा साहेब असल्यासारखा बोलते: ‘यू ओन्ली हॅव टेन मिनिट्स. सेंड द ओटीपी इमिजिएटली.’ दहाच मिनिटं आहेत, ताबडतोब ओटीपी द्या, नाहीतर खातं बंद. वाक्यातला ‘ओन्ली’ अन् ‘इमिजिएटली’ काढून पाहा, मग धमकीत काही उरत नाही. ते शब्द घातलेच यासाठी की आपण कोणाला विचारू नये. खरी बँक फोनवर ओटीपी मागत नाही. ‘आय रिअली डोन्ट हॅव टाइम’ म्हणा आणि फोन ठेवा. मराठीतूनच ठेवला तरी चालते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. तिथं मात्र घाई खरी आहे, जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीला ही चार वाक्यं इंग्रजीत करून आणा, वहीत मराठी लिपीत लिहिलं तरी चालेल: ‘अजून वेळ आहे.’ ‘मला दहाच मिनिटं आहेत.’ ‘आज वेळ नाही, उद्या नक्की आहे.’ ‘सोयाबीन सोंगायच्या दिवसांत मला कधीच वेळ नसतो.’ शेवटच्यात ‘सोंगणी’ला ‘हार्वेस्ट’ म्हणा. ज्यांचं वाक्य अडलं त्यांनी शेजारच्या ताईला विचारा. शाळेतल्या पोरीला विचारलं तरी हरकत नाही, पण तिनं लिहून दिलेलं वाचू नका, स्वतः तोंडानं म्हणा.