केपटाऊनला निघालीस ना, मग जरा ऐक

अगं, क्वायरबरोबर केपटाऊनला निघालीस हे कळलं आणि मला इतका आनंद झाला! सभागृहातल्या मोठ्या कार्यक्रमाविषयी मी काही बोलणार नाही, त्याची तालीम तुमचे सर करून घेतीलच. मला बोलायचंय ते वेळापत्रकातल्या त्या छोट्या ओळीविषयी: खायेलित्शातल्या सामाजिक संस्थांना भेट. दौऱ्यातली सगळ्यात अवघड वेळ तीच असते, आणि तिची तालीम कुणीच घेत नाही.

ती वस्ती कशी झाली हे आधी समजून घे. कुठल्या वर्णाच्या माणसानं कुठं राहायचं, हे वर्णद्वेषी सरकार कायद्यानं ठरवायचं. शहराच्या मध्यावरचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग 1966 साली फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांवर माणसं तिथून उठवली गेली. काळ्या लोकांना तर शहरापासून दूर, वाळूच्या सपाट माळावरच जागा. खायेलित्शा त्याच माळावर 1980 नंतर वसवलं. तिथं 1989 मध्ये रोझी मशाले नावाच्या शिक्षिका आल्या. कचऱ्यात खायला शोधणारी मुलं त्यांना दिसली आणि त्यांनी ती आपल्या घरातच सांभाळायला घेतली. त्यातून ‘बाफुमेलेले’ ही संस्था उभी राहिली. बघ, बाहेरून कुणी येण्याची वाट न पाहता ही माणसं कामाला लागली होती. म्हणून तिथं जाताना डोळ्यांत कीव नेऊ नकोस. त्यांना ती लगेच कळते.

मुलांना ‘तुझे आईबाबा कुठं असतात’ असं चुकूनही विचारू नकोस. एड्सनं त्या देशातल्या कितीतरी घरांतली मधली पिढी नेली, पुष्कळ मुलं आजीनंच वाढवली. कडेवर मूल घेऊन फोटो काढायचा मोह होईल, तो आवर. आपल्या शाळेत येऊन एखाद्या पाहुण्यानं न विचारता तुझा फोटो जगभर पाठवला असता, तर तुला चाललं असतं का? आणि निघताना ‘मी परत येईन’ म्हणू नकोस. तू ते प्रेमानं म्हणशील, पण मूल ते धरून ठेवतं गं. द्यायचंच असेल तर सरांमार्फत आधी विचारा, संस्थेला काय हवंय ते. बहुधा पैसेच हवे असतात, जुने कपडे नाही.

आता गाण्याचं सांगते, कारण खरी मैत्री तिथंच होते. तुमची दोन गाणी म्हणून झाली की थांबा आणि ‘आम्हाला तुमचं एक शिकवा’ म्हणा. मग बघ, अंगण कसं बदलतं! मघाशी लाजून बसलेली मुलगी तुझी गुरू होते. तिकडची बरीच गायकमंडळी रेघांवरचं स्टाफ नोटेशन वापरत नाहीत. मिशनऱ्यांनी नेलेली टॉनिक सोल्फा पद्धत त्यांनी आपलीशी केली. डो, रे, मी अक्षरांनी लिहायचं आणि डो कुठल्याही पट्टीत धरायचा. आपला सा तसाच फिरतो, त्यामुळे तुला ते चटकन उमजेल. खोसा भाषेतले जिभेचे टिचके मात्र जमायला वेळ लागेल. त्यातला एक तुला येतोच, हळहळताना आपण ‘च्च’ करतो ना, जवळपास तोच. बाकीचे चुकले की मुलं खदखदून हसतील. हसू दे त्यांना, तूही हस.

त्यांचं राष्ट्रगीत मात्र इथूनच पाठ करून जा. त्यात पाच भाषा आहेत. सुरुवातीचा भाग 1897 मध्ये इनोक सोंटोंगा या शाळामास्तरांनी रचला, आणि ते स्वतः क्वायर चालवायचे. वर्णद्वेषाच्या काळात लोकांच्या सभांमध्ये ते गीत घुमायचं, 1997 पासून ते अधिकृत राष्ट्रगीताचा भाग आहे. परक्या देशातल्या मुलीच्या तोंडून ते शब्द नीट उच्चारलेले ऐकले की तिथल्या आज्यांचे चेहरे उजळतात.

आणि हो, जून-जुलैत तिकडे हिवाळा असतो, वर पाऊस. मफलर आणि जाड मोजे हाताच्या बॅगेतच ठेव, गळा सांभाळ. प्लगही आपल्या पंधरा ॲम्पियरसारखे तीन जाड गोल पिनांचे असतात, तेव्हा चार्जरसाठी अडॅप्टर घे. पोचलीस की आईला आधी फोन कर, मग मला.