तळपायाची चामखीळ

आपण देवगडची माणसं पायांच्या बळावर जगतो. कुणी हापूसच्या बागेत राबतो, कुणी कातळावर चिरे उचलतो, कुणी बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहतो. पाय दुखला की मजुरी बुडते. म्हणून तळपायाला टणक गाठ आली की माणूस घाबरतो आणि घाईत भलतंच करून बसतो.

आधी गाठ ओळखावी. पुष्कळ लोक तिला सरसकट कुरूप म्हणतात. पण कुरूप वेगळे, चामखीळ वेगळी. कुरूप चपलेच्या घासण्याने किंवा दाबाने होते. ते वरून दाबले की दुखते. चामखीळ विषाणूमुळे होते. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रोगजंतू. चामखीळ चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबली की जास्त दुखते. तळपायाच्या रेषा तिच्यापाशी तुटतात. तिच्यात बारीक काळे ठिपके असतात. लोक त्यांना मुळे समजतात. ती मुळे नव्हेत, ते बारीक शिरांत गोठलेले रक्त असते.

उपाय करावा की नाही? चामखीळ दुखत नसेल, तर तशीच राहू द्यावी. मुलांची चामखीळ पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. मोठ्या माणसांना जास्त दिवस लागतात.

चालताना दुखत असेल, तर औषध करावे. औषधाच्या दुकानात सॅलिसिलिक आम्लाचे औषध मिळते. पाय पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा. मऊ झालेली कातडी वजरीने हलकेच घासावी. ती वजरी दुसऱ्या कुणी वापरू नये. भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावावे. मग औषध फक्त चामखिळीवर लावावे. असे रोज, तीन महिनेपर्यंत करावे. कातडी लाल होऊन फार आग झाली, तर थांबावे.

दवाखान्यात चामखीळ गोठवूनही काढतात. २०११ साली ब्रिटन व आयर्लंडमधील २४० लोकांवर केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. काहींना हे आम्ल लावले, काहींची चामखीळ गोठवली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरात सुमारे १४ जणच पूर्ण बरे झाले होते. तेव्हा धीर धरावा. महाग उपाय तो चांगला, असे समजू नये.

कुणी सांगतो, “ब्लेडनं काप.” कुणी म्हणतो, “बिब्बा घाल.” ऐकू नका! ब्लेडने जखम चिघळते. बिब्ब्याच्या तेलाने चांगली कातडी भाजते. चामखीळ राहते बाजूला, आणि माणूस महिनाभर घरी बसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे पाय बधिर आहेत, किंवा ज्यांना कुष्ठरोग झाला होता, त्यांनी घरी काहीही लावू नये. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. जखम वाढते, आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. त्यांनी थेट सरकारी दवाखान्यात जावे. गाठीतून रक्त येत असेल, ती भरभर वाढत असेल किंवा रंग बदलत असेल, तर इतरांनीही डॉक्टरांना दाखवावे.

चामखीळ दुसऱ्याला लागते. ओल्या, भेगाळलेल्या पायांत विषाणू लवकर शिरतो. म्हणून काम संपल्यावर पाय धुऊन कोरडे करावे. टॉवेल व चप्पल आपापली ठेवावी. चामखीळ नखाने खरवडू नये.

प्रश्न
१. कुरूप आणि चामखीळ कशी ओळखाल?
२. बिब्बा का लावू नये?
३. घरी औषध कोणी लावू नये?
४. आपल्या घरात मधुमेह कुणाला आहे? त्यांचे तळपाय आज पाहा.