परतीच्या वाटेवर पुन्हा बाप्तिस्मा लागतो का?

प्रश्न : लहानपणी बाप्तिस्मा झाला, पण कॉलेजनंतर चर्च सुटले. आता परत यावेसे वाटते. नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? लोक काय म्हणतील? – एक वाचक, वणी

उत्तर : नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो, ही कॅथलिक आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या दोन्ही मंडळ्यांची भूमिका आहे. काही स्वतंत्र मंडळ्या मात्र बालपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत. तेथे आधी विचारावे. कॅथलिक व्यक्ती पापनिवेदनाने परतते. विवाह चर्चबाहेर झाला असेल तर तेही धर्मगुरूंना मोकळेपणाने सांगावे; त्यावरही मार्ग असतो. बाप्तिस्म्याचा दाखला हरवला असला, तरी नोंद मूळ चर्चच्या वहीत सापडू शकते.

मनातला संकोच एका दिवसात जात नाही, आणि जायलाच हवा असेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहावे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि हे दांपत्य दुरावले. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी सोवळे पाळत राहिल्या. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये, मन तयार झाल्यावर. ही परतीची नव्हे, प्रवेशाची कथा. पण सावकाश येणाऱ्यालाही जागा असते, हे तीतून स्पष्ट दिसते.

लोक चार दिवस बोलतील. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊही रागावला होता, पण बाप त्याआधीच परतणाऱ्या धाकट्याकडे धावत गेला होता.

वणीहून नाशिक फार लांब नाही. रविवारच्या गर्दीत अवघड वाटत असेल, तर आधी फोन करून आठवड्यातल्या एखाद्या दिवशी धर्मगुरूंना भेटावे.